कोकणातल्या जुन्या घराचं रिवायरिंग : सामानाचा अंदाज कसा काढायचा?

ओटीवरचा_बाक

नमस्कार मंडळी. संगमेश्वर तालुक्यात आमचं जुनं चिरेबंदी घर आहे, कौलारू. पुढे ओटी, मग माजघर, देवघर, दोन खोल्या, स्वयंपाकघर, मागची पडवी आणि तिला लागून न्हाणीघर. सगळं मिळून अकराशे-बाराशे स्क्वेअर फूट होईल, निम्म्या भागावर माळा. वायरिंग आजोबांच्या वेळचं, लाकडी पट्टीवर क्लिपा मारलेलं, चिनीमातीचे फ्यूज, मेन स्विच लोखंडी पेटीचा. वायरीला हात लावला की वरचं रबर बिस्किटासारखं तुटून पडतं. मध्येमध्ये कोणीकोणी नवीन वायर जोडून घेतलीये ती वेगळीच.

आम्ही डोंबिवलीला असतो, गणपतीला आणि मे महिन्यात जातो. यंदा पावसाच्या आधी सगळं काढून नवीन करायचं ठरलंय. गावातल्या वायरमन दादांनी घर फिरून बघितलं आणि वहीच्या पानावर यादी दिली : १ स्क्वेअर एमएम जाडीच्या वायरीच्या ८ कॉइल, २.५ च्या ६, ४ च्या ३, पाइप १५० लेंथ, १२ वेचा डीबी (एमसीबी बसवायची पेटी), एमसीबी (करंट जास्त झाला की आपोआप पडणारे स्विच) १०, मॉड्युलर बोर्ड "लागतील तसे", अर्थिंग सेट १. माणूस चांगला आहे, वडिलांच्या ओळखीतला आहे, त्यामुळे मजुरीवर घासाघीस करायची नाहीये, पण सामान मला देवरुखहून नाहीतर इकडून न्यायचंय आणि एवढं खरंच लागतं का ते कळत नाहीये. पॉइंट साधारण असे : लाइट १६, पंखे ६, गीझर, फ्रीज, मिक्सर-ओव्हन, वॉशिंग मशीन, एका खोलीत पुढेमागे एसी, आणि विहिरीवर १ एचपीचा पंप. अंदाज कसा काढतात तेवढं कोणी समजावून सांगेल का?

सदाशिव_पेठी

आम्ही फ्लॅटचं केलं तेव्हा कॉन्ट्रॅक्टरने सरळ स्क्वेअर फुटावर रेट दिला मटेरियलसकट. तसंच करा ना, डोक्याला ताप नाही.

दीड_फेज

स्क्वेअर फुटाचा हिशोब फ्लॅटला चालतो पेठीकाका, तिथे खोल्या ठरलेल्या, स्लॅब ठरलेला, शंभर फ्लॅट केलेले असतात त्यामुळे सरासरी निघते. कौलारू घरात दोन-दोन फुटी चिऱ्याच्या भिंती, ओटीपासून न्हाणीघर कुठल्या कुठे, तिथे स्क्वेअर फुटाला काही अर्थ नाही. मी चिपळूणला हीच कामं करतो.

ओटीवरचे, तुम्ही एक काम करा. वहीत घराचा नकाशा काढा, हाताने काढला तरी चालेल, आणि पहिलं ठरवा डीबी कुठे बसणार आणि प्रत्येक खोलीत बोर्ड कुठे. लाइट-पंखे नंतर. लोक पॉइंट मोजत बसतात आणि बोर्डाची जागा वायरमनवर सोडतात, मग तो त्याला सोयीची भिंत धरतो आणि वायर तिथेच वाढते. बोर्ड ठरले की टेप घेऊन वायर जशी जाईल तशीच मोजायची, म्हणजे बोर्डापासून वर तुळईपर्यंत, तुळईवरून आडवी, मग खाली दिव्यापर्यंत. हवेतून तिरकं माप घेऊ नका. आणि भिंत ओलांडली की तिची जाडी धरा, चिऱ्याच्या घरात तीन भिंती ओलांडल्या की पाच-सहा फूट तिथेच गेले.

आता तुमच्याच घराचा हिशोब करू. बोर्ड साडेचार फुटावर, वरची तुळई नऊ-साडेनऊवर, म्हणजे चढ ५ फूट. आडवं सरासरी १० धरा, खाली २. झाले १७ फूट. एका दिव्याला स्विचची वायर आणि न्यूट्रल अशा दोन जातात म्हणजे ३४ फूट. लाइट-पंखे मिळून २२, म्हणजे साधारण साडेसातशे फूट. वर १० टक्के कटिंगला आणि बोर्डात सोडायला, झाले सव्वाआठशे फूट, म्हणजे २५० मीटर. कॉइल ९० मीटरची असते, फुटात २९५. म्हणजे तीन कॉइलला थोडी कमीच. टीव्ही, पलंगाशेजारचे चार्जिंगचे वगैरे बोर्डापासून लांबचे प्लग धरून चार होतील. तुमच्या यादीत आठ आहेत!

एक मात्र, १ स्क्वेअर एमएम घेऊ नका, १.५ घ्या. दिव्याला १ सुद्धा पुरते, एलईडीला काय लागतं, पण त्याच बोर्डावर उद्या कोणी इस्त्री लावतो. चार कॉइलचा जास्तीचा खर्च एकूण कामाच्या मानाने काही नाही.

चारमध्ये दोन लाल दोन काळ्या. हे रंगाचं आधी डोक्यात घ्या, कारण कॉइल एकाच रंगाची येते. लांबीचा हिशोब बरोबर आला तरी रंगात अर्धी-अर्धी कॉइल उरते, नाहीतर शेवटी वायरमन फेजला काळी आणि अर्थला पिवळी वापरून मोकळा होतो. पुढच्या माणसाला मग काय कळणार कुठली कुठली.

२.५ ची गोष्ट. डीबीपासून बोर्डापर्यंतच्या मेन आणि किचनचे १६ अँपिअरचे प्लग, फ्रीज, वॉशिंग मशीन. घरासाठी तीन सर्किट करा, अंतर मिळून १३० फूट धरा, किचन-फ्रीज-मशीनला १३५. झाले २६५, दहा टक्के वाढवून २९२. म्हणजे लाल एक, काळी एक, हिरवी एक अशा तीन कॉइल, आणि त्या अगदी काठावर बसतात, तेव्हा माप घेऊन झाल्याशिवाय तीनवर थांबू नका. ४ स्क्वेअर एमएम गीझर आणि एसीला, दोन्ही मिळून ७०-७५ फूट. त्याला कॉइल कशाला, प्रत्येक रंगाची २५ मीटर कापून आणा. त्यांनी ४ च्या तीन कॉइल लिहिल्यात त्यात पंप धरलाय का विचारा, नाहीतर त्या तिथे का आहेत मला समजत नाही.

पाइप वायरीच्या लांबीने मोजायचा नाही, रस्त्याने मोजायचा. एका रस्त्याने सहा वायरी गेल्या तरी पाइप एकच. तुमच्या घराला सहाशे-साडेसहाशे फूट होईल, लेंथ १० फुटाची, म्हणजे ६५ च्या आसपास, त्यातल्या पंधरा-वीस २५ एमएमच्या आणि बाकी २० च्या. २० च्या पाइपात १.५ च्या पाच-सहाच्या वर कोंबू नका. १५० लेंथ म्हणजे तुमच्या शेजाऱ्याचं पण घर होईल 😀

ओटीवरचा_बाक

दादा खूप खूप आभार, एवढं कोणी सांगत नाही. नकाशा काढायला घेतलाच. दोन शंका. एक, पाइप भिंतीत झिरी मारून घालायचा की वरून? दुसरं, तुम्ही हिरव्या वायरीचं लिहिलंत, आमच्या यादीत हिरवी नाहीचे. सध्या घरात सगळे दोन पिनीचे प्लग आहेत, अर्थ कुठेच नाही.

दीड_फेज

तेच म्हणणार होतो. यादीत लाल-काळी दुप्पट आणि जिथे जिवाशी गाठ आहे तिथे "अर्थिंग सेट १". आरसीसीबी, म्हणजे करंट कुठे गळला की लगेच पडणारा स्विच, तो तर नावालाही नाही.

हिरवी प्रत्येक थ्री पिन प्लगला, पंख्याला आणि लोखंडी बॉडीच्या दिव्याला. मापाला फेजएवढीच, २.५ बरोबर २.५, ४ बरोबर ४, आणि पंखे-प्लगला १.५ ची एक कॉइल वेगळी, ती पुरते.

झिऱ्या मारायच्या का? चिऱ्यात झिरी तशी पटकन होते, दगड मऊ असतो, पण वर गिलावा चुन्याचा-मातीचा असला तर चार इंचाच्या झिरीला फूटभर पोपडा निघतो, मग गवंडी आलाच, मग रंगारी आला. मी तरी जुन्या घरात वरून पाइप आणि फक्त बोर्डाखालचा उतार भिंतीत, असं करतो. वरून म्हटलं की सॅडल, म्हणजे पाइप धरणारी क्लिप, दर दोन फुटाला धरा, म्हणजे तीनशे-सव्वातीनशे, तेवढेच स्क्रू, आणि भिंतीवरच्या सॅडलला गट्ट्या (स्क्रू धरायला भोकात ठोकायच्या). तुळईवर गट्टी नको, थेट स्क्रू. बेंड, कपलर, जंक्शन बॉक्स हे कोणी मोजून आणत नाही, डझनावर आणायचं आणि उरलेलं परत द्यायचं.

माडाखाली

मी राजापूरचा, आमचंही असंच घर आहे, गेल्या उन्हाळ्यात काम झालं. तीन गोष्टी सांगतो ज्या यादीत कोणी लिहीत नाही.

माळा. माळ्यावर उंदीर असतात, कितीही म्हणा आमच्याकडे नाहीत. भात-फणसाच्या आठळ्या-नारळ जे काय ठेवता त्यावर येतात आणि वायर कुरतडतात. माळ्यावरून उघडी वायर एक फूटसुद्धा नेऊ नका, जंक्शन बॉक्सला झाकण स्क्रूचं घ्या, दाबून बसवायचं नको. आम्ही माळ्यावरचा तेवढा भाग जीआय पाइपात घेतला. महाग पडतो पण एकदाच. जीआय घेतला तर त्या पाइपालाही अर्थ जोडायला विसरू नका.

माकडं. कौलं सरकवतात, पावसात गळती नेमकी त्याच जागेवर. पाइप गळणाऱ्या वाशाच्या खालून नेऊ नका आणि डीबी पाऊस येईल अशा पडवीच्या भिंतीवर तर नकोच. आमच्या आधीच्या मेनच्या पेटीत मुंग्यांनी वारूळ केलं होतं.

आणि अर्थिंग. तुमचं घर मळ्यात आहे की कातळावर? कातळावर असेल तर तो "सेट १" काही कामाचा नाही. खणायला लावलं तर दोन-अडीच फुटावर पहार वाजते.

ओटीवरचा_बाक

कातळावरच आहे 🙁 घरामागे थोडी माती आहे, तिथे माड आणि केळी लावल्यात. विहीर घरापासून दोनशे फूट खाली उतरावर.

माडाखाली

मग केळीपाशीच. न्हाणीघराचं पाणी तिकडेच जात असेल ना, माती बारा महिने ओली राहते, तीच जागा. विहिरीला चिकटून नको, पिण्याचं पाणी आहे. कोळसा-मीठ घालतात त्यात मीठ पावसात वाहून जातं आणि राहतं तेवढं जीआय पाइप खातं, त्याऐवजी बेंटोनाइटची, म्हणजे ओल धरून ठेवणाऱ्या मातीची, पावडर मिळते ती घाला. एका खड्ड्यावर भागलं नाही तर दुसरा थोडा लांब घेऊन दोन्ही जोडा. वायरमनकडे अर्थ टेस्टर नसेल तर तालुक्याला कोणाकडे तरी असतो, एक दिवस भाड्याने आणा. बल्ब लावून "पेटला, अर्थ चांगला आहे" हे टेस्टिंग नव्हे.

दीड_फेज

माडाखाली यांनी बरोबर सांगितलं, त्याला जोडून एक हिशोब देतो म्हणजे आरसीसीबी का म्हणून मी मागे लागलोय ते कळेल. समजा एवढं करून अर्थचा रेझिस्टन्स २० ओहम आला, कातळावर तो येऊ शकतो. गीझरचा फेज बॉडीला लागला तर किती करंट जाईल? २३० भागिले २०, साडेअकरा अँपिअर. गीझरचा एमसीबी १६ किंवा २० चा. साडेअकरावर तो पडणार नाही, कधीच नाही. म्हणजे अर्थिंग केलेलं, एमसीबी लावलेला, सगळं नवंकोरं, आणि तरी गीझरच्या टाकीत आणि नळात करंट तसाच राहणार. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी असला तर तो तिथल्या तिथे पाडतो, त्याला अर्थ २० असो नाहीतर १०० असो फरक पडत नाही. याचा अर्थ अर्थिंग नको असा काढू नका, दोन्ही पाहिजेत.

डीबी १२ वे ठीकच आहे, त्यात इनकमर (मेन स्विच) ४० अँपिअर डबल पोल, म्हणजे फेज-न्यूट्रल दोन्ही तोडणारा, त्याखाली आरसीसीबी. एकच लावला तर पावसात कुठे ओल लागली की अख्खं घर अंधारात, म्हणून दोन घ्या, एक घराला आणि एक न्हाणीघर-पंप-बाहेरच्या दिव्यांना. लाइटच्या सर्किटला ६ किंवा १० चे एमसीबी, १६ अँपिअरच्या प्लगला १६, एसीला २०.

कुकरची_शिट्टी

मध्येच घुसते, सॉरी. आमच्याकडे (मालवण) नवीन डीबी बसवल्यापासून आरसीसीबी सारखा पडतो, वायरमन म्हणतो आरसीसीबीच खराब आहे, काढून टाका. लाइट गेली की इन्व्हर्टरवर पडत नाही, आली की पडतो. असं का होतं? मिक्सर लावला की कधी पडतो कधी नाही.

दीड_फेज

काढू नका! बहुतेक न्यूट्रल मिसळलाय. आरसीसीबीतून जेवढा करंट फेजने गेला तेवढा त्याच्याच न्यूट्रलने परत यायला हवा. इन्व्हर्टरवर चालणाऱ्या दिव्यांचा न्यूट्रल बाकी घराच्या न्यूट्रलला कुठेतरी बोर्डात बांधला असेल, नाहीतर जुन्या वायरिंगचा एखादा तुकडा तसाच ठेवून त्याला जोडला असेल. वायरमनला सांगा इन्व्हर्टर सर्किटचा न्यूट्रल डीबीपासून वेगळा आणा. आणि मिक्सर दुसऱ्याच्या घरी लावून बघा, त्याच्यातच गळती असेल तर वायरिंगला बोल लावून उपयोग नाही.

ओटीवरचे, हे तुम्हालाही लागू. कोकणात पावसात लाइट गेली की गेली, इन्व्हर्टर आज नसला तरी उद्या घेणारच. त्याची फेज आणि न्यूट्रल आत्ताच प्रत्येक बोर्डापर्यंत वेगळी ओढून ठेवा. १.५ ची अजून एक कॉइलभर लागेल, निम्मी पिवळी निम्मी काळी. नंतर ओढायला गेलात तर भरलेल्या पाइपात स्प्रिंग शिरत नाही.

माडाखाली

पंपाचं राहिलं. दोनशे फूट म्हणजे साठ मीटर. १ एचपी सिंगल फेज सात-आठ अँपिअर घेतो. २.५ च्या तांब्याच्या वायरीत साठ मीटरवर सहा-सात व्होल्ट पडतात, चालताना चालून जातं. पण सुरू होताना करंट पाच-सहा पट, तेव्हा तीस-चाळीस व्होल्ट गायब. आणि संध्याकाळी आपल्याकडे मुळात व्होल्टेज किती असतं ते तुम्हाला माहीतच आहे, पंप नुसता हूं हूं करत बसतो आणि वाइंडिंग जळतं. म्हणून ४ ची घ्या, तीन कोअरची आर्मर्ड (वर लोखंडी कवच असलेली) केबल, सुट्या वायरी नव्हेत. वायरमन दादांच्या ४ च्या तीन कॉइल या पंपासाठीच असणार, पण जमिनीतून सुटी वायर घालायची नसते. कातळावर अडीच फूट खणणं जमणार नाही, तर गडग्याच्या कडेने एचडीपीई पाइपात घालून न्या, वर चिरे ठेवा. गवत जाळताना आणि कोयत्याने साफ करताना लोक बघत नाहीत.

सदाशिव_पेठी

एवढं सगळं वाढवताय पण मीटर? जुन्या घरांना मंजूर लोड किती कमी असतो. बिलावर "मंजूर भार" लिहिलेला असतो बघा. गीझर दोन किलोवॅट, एसी दीड-दोन, पंप, ओव्हन. महावितरणकडे आधी अर्ज करून घ्या, त्याला वायरिंगचा टेस्ट रिपोर्ट लायसन्सवाल्या कॉन्ट्रॅक्टरचा लागतो, तुमच्या दादांकडे लायसन्स आहे का ते बघा.

दीड_फेज

पेठीकाकांनी हे एकदम मुद्द्याचं सांगितलं. आणि मीटरपासून डीबीपर्यंतची वायर ६ स्क्वेअर एमएम, तीपण यादीत नाही. मीटर ओटीवर आणि डीबी माजघरात असेल तर वीस-पंचवीस फूटच आहे, कापून घ्या.

गंजलेली_खिळा

जुनी लाकडी पट्टी फेकू नका हो. सागवानी असते. आमच्या सुताराने त्याच्या फोटो फ्रेम करून दिल्या. ते गोल लाकडी ब्लॉक आणि पितळी टोपीचे स्विच पण मुंबईत लोक शोधत असतात. आतली तांब्याची वायर भंगारात द्या, पण ॲल्युमिनियम वेगळं काढा, मधल्या काळात बऱ्याच घरांत ॲल्युमिनियम पडलंय. आणि त्या ॲल्युमिनियमला नवीन तांबं पिळून जोडू देऊ नका, जोड गरम होतो.

ओटीवरचा_बाक

सगळ्यांचे आभार. काल वडिलांना फोनवर ठेवून टेपने मापं घेतली, चुलत भाऊ तिथेच असतो त्याने. डीबी माजघराच्या दाराशेजारी ठरला, तिथून स्वयंपाकघरही जवळ पडतं. न्हाणीघराचं अंतर मात्र दीड_फेज दादांनी धरलं त्यापेक्षा जास्त निघालं, मधल्या भिंतीच दोन जाड आहेत, त्यामुळे २.५ आणि ४ दोन्ही थोड्या वाढतील. वायरमन दादांशी बोललो, त्यांना आधी जरा लागलं, मग म्हणाले पूर्वी सामान अर्धं गायब व्हायचं म्हणून मी जास्तच लिहितो. आरसीसीबीला त्यांचा विरोध आहे, "सारखा पडतो" म्हणतात. कुकरची_शिट्टी ताईंचा प्रश्न आणि उत्तर त्यांना वाचून दाखवलं, आता लावतो म्हणाले. पंपाला केबल घ्यायला तयार आहेत.

शेवटचं विचारतो, सामान डोंबिवलीहून न्यावं की देवरुखला घ्यावं? इकडे लिस्ट प्राइसवर डिस्काउंट बराच देतोय.

दीड_फेज

वायर, डीबी, एमसीबी, आरसीसीबी तिकडून आणा, डिस्काउंटचा फरक तिथेच पडतो. तांब्याचा भाव वरखाली होतो म्हणून कोटेशन घेतलंत की त्याच आठवड्यात उचला. वायरीवर आयएसआय मार्क आणि आयएस ६९४ छापलेलं बघा, दर मीटरवर येतं, आणि एफआर (आग पसरू न देणारी) नाहीतर एफआरएलएस (शिवाय धूरही कमी) घ्या. पाइप, बेंड, सॅडल, बॉक्स, स्क्रू, बेंटोनाइट देवरुखला. पाइप एसटीच्या टपावर टाकून कुठे नेता, आणि हेच सामान कमी-जास्त होतं, तेव्हा दुकान जवळ हवं. मॉड्युलर प्लेटा सगळ्या एकाच कंपनीच्या आणि एकाच सिरीजच्या घ्या, दोन-तीन ६ मॉड्युलच्या जास्तीच्या आणा, पाच वर्षांनी तो शेड मिळत नाही. आणि दोन्ही दुकानदारांना पैसे देण्याआधीच विचारा, सील न फोडलेली कॉइल परत घेणार का. घेत असेल तर बिलावर लिहून घ्या.

ओटीवरचा_बाक

डोंबिवलीवाला पंधरा दिवसांत आणलं तर घेतो म्हणाला, बिलावर लिहून दिलंय. निघतो शनिवारी.